खडूच्या भुकटीचं स्टूल

नव्वद साली तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यात बालवाडीसाठी केलेली प्लास्टिकची स्टुलं तडकू लागली. ऑर्डर हातची जायची वेळ आली, तेव्हा मालकांनी नावडे गावचा, कच्चा माल मिसळण्यात मुरलेला एक मिक्सरवाला एका दिवसासाठी बोलावला. माल तपासणं माझं काम.

प्लास्टिकात भर म्हणून घालायची खडूची भुकटी त्यानं चिमटीत चोळली आणि मलाच झापलं, "बाई, ही वली हाय. प्लास्टिक तिला धरनार कसं?"

त्यानं भुकटी तापवून सुकवली, प्लास्टिकानं धरावी म्हणून मेणासारख्या पावडरीत घोळवली, मगच मिसळली.

नवं स्टूल निघालं. मी म्हटलं, "मशीनवर तपासू."

"बालवाडीत मशीन बसनार हाय का? तुमी चढा. उड्या मारा."

सत्तर किलोंची मी साडी खोचून उड्या मारू लागले. कामगार हसत होते. तो मात्र जमिनीला गाल टेकवून स्टुलाचे पाय बघत होता.

"टिकलं," तो म्हणाला. "उतरा आता."