राहून गेलेली कॅपसाइज ड्रिल

पुराच्या ड्यूटीचा हुकूम आला तेव्हा मी महूजवळच्या तलावावर बोट कॅडर, म्हणजे बोट चालवण्याचा कोर्स, घेत होतो. मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो. मोटरबोट चालवायची तर जवानाला हा कॅडर पास करावा लागतो. सगळं शिकवून झालं होतं. फक्त कॅपसाइज ड्रिल दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला होती.

या ड्रिलमध्ये बोट मुद्दाम उलटवतात. माणूस तिच्याखाली अडकतो. लाइफ जॅकेट त्याला वर ढकलून बोटीच्या तळाला चिकटवतं. अशा वेळी आधी खाली बुडी मारायची, मग बाजूने बाहेर यायचं. हे पोहणाऱ्यालाही आपोआप येत नाही. करून बघावं लागतं.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता गाड्या निघणार होत्या आणि एक ऑपरेटर कमी होता. मी सॅपर नितीन इंगळेचं नाव दिलं. मानपूरचा पोरगा, वय एकोणीस. मोटरवर त्याचा हात सगळ्यांत चांगला होता. मी त्याच्या शीटवर सगळ्या रकान्यांत 'पास' लिहून सही केली. तो समोर उभा होता.

"उस्ताद, ड्रिल राहिली आहे."

"पोहता येतं ना?"

"येतं."

"मग परत आल्यावर करू."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वीसला, पुरात बुडालेल्या गावात, मी एक नंबरच्या बोटीत होतो, नितीन दोन नंबरच्या. वायरलेसवर मी त्याची पोझिशन विचारली.

"शाळेच्या मागून येतोय. पाच सवारी. ओव्हर."

त्यानंतर आवाज आला नाही. विजेची एक तार पाण्याखाली लोंबत होती, तिच्यात मोटर अडकली आणि बोट उलटली. आम्ही चार मिनिटांत पोहोचलो. पाचही माणसं बाहेर फेकली गेली होती, जॅकेटवर तरंगत होती. त्यांना वर घेतलं. मग बोट सरळ केली. नितीन तिच्याखाली होता. तळाला ढकलून ढकलून त्याचे तळहात सोलून निघाले होते.

चौकशीत मी खरं सांगितलं. माझं प्रमोशन थांबलं. त्यात काही चुकीचं नव्हतं. पण मानपूरला त्याच्या आईसमोर बसलो तेव्हा फक्त तारेबद्दल बोललो.

रिटायर होऊन इंदूरला आलो. आता एका क्लबमध्ये मुलांना बोट शिकवतो. सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मोटर हातात द्यायची नाही आणि ड्रिलशिवाय सर्टिफिकेट नाही, असा तिथला नियम आहे. मागच्या महिन्यात सियागंज बाजारातले एक व्यापारी मुलीला घेऊन आले. तिला सोळा व्हायला दोन महिने कमी होते, ड्रिलही झाली नव्हती.

"भिया, दोन महिन्यांचीच तर बात आहे," ते म्हणाले. "लडकी मस्त चालवते. लिहून टाका ना."

मी नाही म्हणालो. ते चिडले, वर तक्रार करीन म्हणाले. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली की ती थांबेल. मी पेनाला टोपण घातलं आणि पेन खिशात ठेवलं. त्यांना वाटलं, म्हातारा रागावलाय.

रविवारी मी मानपूरला गेलो. नितीनची आई अंगणात मेथी निवडत होती. तिच्यासमोर बसून शीटबद्दल, ड्रिलबद्दल, माझ्या सहीबद्दल सगळं सांगितलं. ती मेथी निवडत राहिली.

"मला माहीत आहे, उस्तादजी," ती म्हणाली. "निघताना त्याचा फोन आला होता. म्हणाला, एक ड्रिल राहिली आहे. मला भीती वाटली. तर म्हणाला, आई, उस्तादांनी सही केली आहे, म्हणजे मला येत असणार."

तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. आत भिंतीवर नितीनचा युनिफॉर्ममधला फोटो होता, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी. मी उठलो, फोटोसमोर सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला. हात खाली घ्यायला मला बराच वेळ लागला.