नव्या पायवाटेचा पंचनामा

ती घटना आठवली की अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आधी माणूस येत नाही, बैल येतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जाळपोळ पाहिली. तिथे काहीतरी घडलेले असते आणि कोणी केले एवढेच शोधायचे असते. या प्रकरणात मात्र एका अख्ख्या वस्तीने मिळून काहीच केले नव्हते, आणि तोच गुन्हा होता.

मी तेव्हा जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. वाटूर आणि मंठा यांच्या मधली काही गावे आमच्या हद्दीत यायची. बाजाराच्या दिवशी ठाण्यात पाय ठेवायला जागा नसे. कोणाचा मोबाइल गेलेला, कोणाला मोटारसायकलचा धक्का लागलेला, कोणी पिऊन येऊन स्वतःविरुद्धच तक्रार देणारा. अशाच एका बाजाराच्या दिवशी एक बाई आणि एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बाकावर शांतपणे बसून राहिले होते. गर्दी ओसरल्यावर ठाणे अंमलदाराने मला सांगितले, "साहेब, मानवी हक्कवाले आहेत."

माझ्या कपाळाला आठी पडली. खोटे कशाला बोलू? गाडीच्या काचेवर हे शब्द रंगवून टोलनाक्यावर हुज्जत घालणारे मी पाहिले होते. एकाने तर ठाण्यात येऊन आधी पंखा आपल्याकडे वळवायला सांगितला होता. मी त्या दोघांना आत बोलावले आणि पहिल्यांदा ओळखपत्र मागितले.

"है ना साब," गृहस्थ हसून म्हणाले, "पन दाखवायला शरम वाटते. आजकाल कार्ड कुनाकडं बी ऱ्हातंय. आमची बात ऐका, मंग कार्ड बघा."

हे चाचा. मंठ्यात त्यांचे बी-बियाण्याचे दुकान होते. बाई जालन्याला विमा कार्यालयात नोकरी करत. मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांचे मिळून एक मानवी हक्क मंडळ होते, त्याच्या त्या अध्यक्ष, आणि तालुक्याचे काम चाचा पाहत. पगार नाही, मानधन नाही, एसटीचे तिकीटही ज्याचे त्याने काढायचे.

त्यांनी जे सांगितले ते असे. आमच्या हद्दीतल्या एका गावात आप्पा नावाने ओळखला जाणारा एक साधा शेतकरी होता. मागे फाट्यावर एका परगावच्या मजुराला लोखंडी गजाने मारहाण झाली होती. पाहणारे पुष्कळ होते, कोर्टात बोलला एकटा आप्पा. मारणारा होता आप्पाच्याच समाजातल्या पुढाऱ्याचा पुतण्या. पुतण्याला शिक्षा झाली. त्यानंतर त्या पुढाऱ्याने, म्हणजे सगळे ज्याला दादा म्हणत त्याने, समाजाची बैठक घेतली आणि आप्पाचे घर वाळीत टाकले.

"मारहाण केली का?" मी विचारले.

"नाही."

"शिवीगाळ? धमकी?"

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "त्यांना कोणी काहीच करत नाही. तेच सांगायला आलोय."

गिरणीवाला दळण घेत नव्हता. न्हाव्याला वेळ नव्हता. बारशाचे बोलावणे येत नव्हते. आप्पा मयतीला गेला तर लोक त्याच्या शेजारून उठून दुसरीकडे उभे राहत. आता पोळा झाला की घराला कुलूप लावून तो पुण्याकडे रखवालदारीला निघणार होता.

मारहाणीचा तो खटला आमच्याच ठाण्याचा होता. ज्या माणसाच्या साक्षीवर आरोपीला शिक्षा झाली, त्याला त्याच साक्षीपायी गाव सोडावे लागणार होते. तो गेला असता तर पुढची कित्येक वर्षे त्या गावात पोलिसांना कोणी साक्षीदार मिळाला नसता. मला संताप आला. आप्पाला त्याच्या घरातून हलू द्यायचे नाही, असे मी त्याच दिवशी मनाशी ठरवले आणि चाचांनी आता पुढे केलेले कार्ड न पाहताच परत केले.

ठरवणे सोपे होते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, पण कायद्याला पुरावा लागतो. न घातलेला रामराम मुद्देमाल म्हणून जप्त कसा करणार?

गावात गेलो. आप्पाचे घर वस्तीच्या तोंडाशीच होते. दारात दगडी हौद होता, त्याच्या वडिलांनी बांधलेला. शेतातून परतणारे गावचे बैल पूर्वी तिथे पाणी पिऊन पुढे जायचे. हौद काठोकाठ भरलेला होता आणि एकही जनावर जवळपास नव्हते. आप्पाची बायको, आक्का, शिळे पाणी झाडांना घालून ताजे भरत होती.

"कोणी येत नाही तर कशाला भरता?" मी विचारले.

"रिकामा हौद दारात बरा दिसत न्हाई साहेब," ती म्हणाली आणि घागर घेऊन आत गेली.

मग मी घराच्या मागे फिरलो आणि तिथे मला पहिला धागा मिळाला. बाभळींच्या आणि उकिरड्याच्या मधून एक पायवाट गेलेली होती. ताजी, माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी नुकतीच मळलेली. समोरचा सरळ रस्ता सोडून सारी वस्ती काट्यांतून वळसा घालत होती, फक्त आप्पाच्या दारावरून जायला लागू नये म्हणून. मी दुसऱ्या गावचे दोन पंच बोलावले आणि त्या पायवाटेचा पंचनामा केला. बीट जमादार टेप धरून हसू दाबत होता. "साहेब, वाटंचा पंचनामा पहिल्यांदाच करून राह्यलो," तो म्हणाला. पण जुन्या रस्त्यावर वाढलेले गवतसुद्धा त्याने नीट लिहून घेतले.

चौकशीला एकेकाला बोलावले. गिरणीवाला म्हणाला, मशीन बिघडल्ती. आप्पाच्याच वेळेला कशी बिघडते, यावर तो जमिनीकडे बघत राहिला. पायवाटेचे विचारले तर म्हणे जवळचा रस्ता आहे. लांबचा आहे हे मी मोजून दाखवले, तेव्हा म्हणाला, "पाय वळले साहेब." माणूस खोटे बोलतो तेव्हा सहसा फार बोलतो. ही माणसे दोन शब्द बोलून गप्प होत होती. म्हणजे त्यांना खोटे बोलायचे नव्हते आणि खरे बोलायची मनाई होती. ती मनाई कसली, हे मला काही केल्या कळत नव्हते.

दादा आला तो इस्त्रीचे कपडे घालून आणि स्वतःहून नमस्कार करून. "साहेब, कुनाशी बोलावं, कुनाशी न्हाई, हे ज्याच्या त्याच्या मनावर हाय. आता सरकार जबरदस्तीनं रामराम घालायला लावनार का?"

"बैठक घेतली होती ना तुम्ही?"

"घेतल्ती की. मंदिराच्या रंगाची." तो गोड हसला. मी त्याला चहा पाजून परत पाठवले, आणि तो चहा मला फार कडू लागला.

मंडळातल्या काही लोकांना मोर्चा काढावा असे वाटत होते. बाईंनी नकार दिला. त्या मला म्हणाल्या, "मोर्चा एका दिवसाचा, साहेब. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या दारात कोण? तुम्ही पुरावा शोधा, तोवर आम्ही त्यांच्याकडे चहा पितो."

मला ते थट्टेचे वाटले, पण त्या शब्दाला पक्क्या होत्या. मंडळाच्या लोकांनी पाळ्या लावून घेतल्या. रोज त्यांच्यातले कोणीतरी आप्पाच्या ओट्यावर येऊन बसे, सगळ्या गावाला दिसेल असे. कोणी शिक्षक, कोणी वकील, कोणी परतूरहून येणारी परिचारिका. बाई रजा टाकून जालन्याहून एसटीने वाटूरला यायच्या आणि तिथून मिळेल त्या गाडीने पुढे. भाषण नाही, घोषणा नाही. चहा प्यायचा, आक्काशी घरचे बोलायचे, हौद भरायला हात लावायचा आणि संध्याकाळी परतायचे.

दादाने चाचांना निरोप धाडला की ओटा सोडा, नाहीतर गावातला एकही माणूस तुमच्या दुकानात बियाणे घ्यायला येणार नाही. आणि लोक खरेच यायचे थांबले. आप्पा रडकुंडीला आला. "चाचा, जावा तुम्ही. तुमचं दुकान बसंल माझ्यापायी."

"बसू दे," चाचा म्हणाले. "मी बी बसलोच है ना इथं. आक्का, चाय में थोडी अद्रक डालो आज."

त्या दिवशी मी तिथेच होतो. या माणसांविषयी माझ्या मनात जी अढी होती ती तिथे सुटली. मी वर्दीतच ओट्यावर टेकलो आणि अद्रकाचा चहा घेतला.

पोळा आला. आप्पाने सामान बांधून ठेवले होते. मी स्वतः बंदोबस्ताला गेलो, कारण हातात दुसरे काही उरले नव्हते. गावात आता ट्रॅक्टर झाले होते, तरी थोड्या जोड्या शिल्लक होत्या. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. मारुतीपुढच्या तोरणाखालून बैल निघाले आणि दादाच्या मानाच्या जोडीमागे सगळे वस्तीकडे वळले. आप्पाच्या घराजवळ येताच दादाने जोडी बाभळींतल्या पायवाटेवर घातली. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. काळ्या मातीचा नुसता रबडा झाला होता आणि नटवलेले बैल गुडघ्यापर्यंत फसत होते. तरी मागचे सगळे निमूटपणे तिकडेच चालले.

सर्वांत शेवटी नाना होते. आप्पाच्याच भावकीतले म्हातारे शेतकरी, आणि त्यांची एक म्हातारी जोडी. त्यातला पांढऱ्या तोंडाचा बैल चिखलाच्या काठाशी थांबला. त्याने एकदा हुंगले, मान वळवली आणि जुन्या रस्त्याने सरळ आप्पाच्या हौदाकडे निघाला. सोबतीचा बैलही त्याच्यामागे ओढला गेला. नानांनी कासरा ओढला, हाका मारल्या, पण बैलाने हौदात तोंड घातले आणि तो शांतपणे पाणी पिऊ लागला. किती महिन्यांनी पीत होता कोण जाणे.

सगळी मिरवणूक थबकली. आक्का उंबऱ्यावर आली. तिच्या हातात ओवाळणीचे ताट होते, पुरणपोळी होती, पण तिने पाऊल बाहेर टाकले नाही. आपण पुढे गेलो तर नानांवर संकट येईल हे तिला कळत होते. बाई आणि चाचा ओट्यावर उभे होते. मी हौदापासून चार पावलांवर. नानांनी एकदा आक्काच्या हातातल्या ताटाकडे पाहिले. आणि मग त्यांनी कासरा हातातून सोडून दिला.

"ओवाळ माय," ते म्हणाले. "लई तहानेला हाय त्यो."

दादा चिखलातून तरातरा आला. वर्षानुवर्षे त्याचा शब्द कोणी मोडला नव्हता, त्यामुळे संतापाच्या भरात शेजारी वर्दी उभी आहे याचे त्याला भानच राहिले नाही. "नाना! इसरला का? समद्यांसंगं बेलभंडार उचलल्ता तू! ह्या दारात थांबायचं न्हाई म्हनून आन घेतल्ती!"

बेलाचे पान आणि भंडारा उचलून घेतलेली शपथ. ती मोडली तर घरादाराचे वाटोळे होते असे लोक मानतात. इतके दिवस मी जी मनाई शोधत होतो ती ही होती, आणि तिचा पत्ता खुद्द दादानेच भर रस्त्यात ओरडून दिला होता.

नानांनी मान वर केली. "म्या उचलल्ता, दादा. ह्या बैलानं न्हाई उचलला."

 गर्दीतून कोणा म्हातारीच्या रडण्याचा आवाज आला. आक्का उंबरा उतरून आली, तिने बैलाच्या पायांवर पाणी घातले, कुंकू लावले, पुरणपोळी भरवली. ती खाली वाकली ती वाकलीच, बैलाच्या पायाशी हुंदके देत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. बंदोबस्तावर अधिकाऱ्याने रडू नये असा काही नियम असला तर तो मी मोडला.

दादाचे शब्द म्हणजे पोलिसांपुढे कोठडीत दिलेला, कोर्टात न टिकणारा कबुलीजबाब नव्हता. ते भर गावासमोर उच्चारलेले होते आणि ऐकणारे तिथेच उभे होते. मी आप्पाची फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला आणि नानांचा जबाब त्यांच्याच अंगणात बसून लिहिला. नानांनी सही केली आणि विचारले, "साहेब, आता माझं काही वाईट न्हाई ना व्हनार?" मी म्हणालो, "झालं तर मी आहे." चाचा मागून म्हणाले, "अन् चहाला आम्ही हैच." त्यानंतर गिरणीवाला आला, मग न्हावी, मग बैठकीत बसलेले आणखी काही. शपथ एकाने मोडली आणि त्याचे घर शाबूत राहिले, हे पाहिल्यावर बाकीच्यांना धीर आला. पायवाटेच्या पंचनाम्यासह दोषारोपपत्र कोर्टात गेले. आप्पाने बांधलेले सामान सोडून पुन्हा घरात लावले.

या प्रकरणाने मला काय शिकवले असे पुष्कळ जण विचारतात. गुन्हा नोंदवणे माझे काम होते, ते मी केले. पण कायदा कोणाच्या ओट्यावर जाऊन बसू शकत नाही. ज्या दिवसांत माझ्या हाती काहीच नव्हते, त्या दिवसांत आप्पाचे घर उभे राहिले ते पदरमोड करून तिथे येणाऱ्या माणसांमुळे. आपला धंदा पणाला लावून परक्याच्या दारात रोज हजर राहायचे, याला मी तरी धाडसच म्हणतो. निवृत्तीनंतर बाईंनी मला मंडळावर घेतले. ओळखपत्रही दिले, ते मी चाचांसारखेच खिशात ठेवतो.

मध्यंतरी त्या गावावरून जाणे झाले. मागची पायवाट बाभळींनी बुजून गेली आहे. तो बैल आता नाही, पण हौद भरलेला असतो आणि ट्रॅक्टरवाले रेडिएटरला पाणी तिथूनच घेतात. गेल्या वर्षी त्याच गावात एका विधवेच्या जमिनीवरून मारहाण झाली. नव्या तपास अधिकाऱ्याने मला फोन केला, "सर, या गावात साक्षीला कोणी उभे राहते का हो?" मी म्हणालो, आप्पाच्या ओट्यावर जाऊन बस आणि चहा माग.

संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. चहा पिऊन होईपर्यंत ओट्यावर जागा उरली नव्हती म्हणे. सर्वांत आधी काठी टेकत आले होते ते नाना.