काकूंच्या प्रवासाचा काकांनी केलेला विचार

समुद्राकाठी राहायला जायचं काकांनी ठरवलं, आणि तिथून रोज शहरात कामाला जायचं होतं काकूंना. ही बाब तेव्हा आपल्याला फारशी महत्त्वाची वाटली नव्हती, असं काका आता स्वतःच सांगतात, आणि सांगताना उगाचच चष्मा पुसत बसतात.

काका शहराच्या पाणीपुरवठा खात्यात तक्रारीच्या फोनवर होते. सगळी नोकरी एका खुर्चीत गेली. कोणाकडे पाणी आलं नाही, कोणाकडे गढूळ आलं, कोणाकडे इतकं आलं की जिन्यावरून वाहतंय, हे सगळं ऐकून घ्यायचं आणि माणूस पाठवतो म्हणायचं. फोन उचलला की ते असा काही लांबलचक ‘हॅलो’ म्हणत की समोरच्याचा निम्मा राग तिथेच उतरायचा. त्यावरून गल्लीतली पोरं त्यांना हॅलोकाका म्हणू लागली, पुढे पोरांचे आईबापही. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी घरात जाहीर केलं, “आता मला माणसाचा आवाज नको. फक्त लाटांचा चालेल.”

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे विभाग सांभाळत आणि त्यांच्या निवृत्तीला अजून अवकाश होता.

“आणि मी कामावर कशी जाऊ?”

“बस आहे ना.”

“किती वेळ लागतो?”

“असेल तासभर.”

“असेल म्हणजे?”

काकांनी विषय बदलला. पण त्या ‘असेल’ने त्यांची पाठ सोडली नाही. त्या सुट्टीला ते मेहुण्याला घेऊन त्याच्या गाडीतून त्या गावापर्यंत जाऊन आले. गाव म्हणजे मूठभर घरं, एक दुकान, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, आणि त्यापुढे कोणीही काहीही तक्रार करत नसलेलं अफाट पाणी. काका खुळ्यासारखे बघत उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, “सव्वा तास. तोही रमतगमत.”

“तुम्ही गाडीने गेलात,” काकू म्हणाल्या. “सुट्टीच्या दिवशी गेलात. आणि माझा भाऊ गाडी चालवत नाही, फेकतो.”

मेहुणा सोफ्यावर बसून चहा पीत होता. “भाऊजी, ताईचं बरोबर आहे,” असं म्हणून त्याने बिस्किटाकडे हात नेला.

मग काका बसने गेले, रात्री गावात मुक्काम केला आणि सकाळी परत निघाले. खरं तर परीक्षा म्हणूनच गेले. गावाकडून निघालेली बस फाट्यावरून आगाराकडे वळते, म्हणून फाट्यावर उतरून शहराची बस पकडायची. काकांना सकाळच्या उन्हात जी डुलकी लागली ती थेट आगारात उतरली. फाटा कधीच मागे गेला होता, ड्रायव्हर जेवायला गेला होता, आणि एक बाई झाडू घेऊन काकांच्या पायाशी पाय उचलण्याची वाट बघत उभी होती. दुसरा कोणी असता तर ओशाळून गप्प बसला असता. काकांनी घरी येऊन सांगितलं, “इतकी सुखाची बस आहे की माणसाला झोप लागते.” कामावर पोचायला मात्र दुपार झाली असती, हे त्यांनी खाल्लेल्या जेवणाबरोबर गिळून टाकलं.

 पुढच्या सोमवारी रजा टाकून काकू एकट्याच जाऊन आल्या. संध्याकाळी दारात चपला काढून पाय चोळत बसल्या. 

“दोन तास,” त्या म्हणाल्या. “पुलावर गर्दी असली तर जास्त. फाट्यावर बसायला बाकडं नाही, डोक्यावर छप्पर नाही. येताना एका बाईची टोपली सगळा वेळ माझ्या मांडीवर होती.”

“मग नको म्हणतेस.”

“मी कुठे नको म्हणाले?” काकूंनी पाय बदलला. “जाताना खिडकीशी जागा मिळाली मला. इतकी वर्षं अंधाऱ्या खोलीत लोकांची हाडं बघतेय मी. दोन तास नुसती बाहेर बघत बस, असं कोणी म्हटलं नव्हतं. एक वर्ष भाड्याने राहून बघू. इथलं घर विकायचं नाही.”

आपण बायकोला पटवलं, या आनंदात काकांना रात्रभर झोप आली नाही. आपल्याला कोणी विचारलंच नव्हतं, तिने तिचं ठरवलं होतं, हे त्यांच्या ध्यानात यायला बरेच महिने गेले.

घर दोन खोल्यांचं होतं. खिडकीच्या काचांवर मिठाची पूड बसायची, कुलूप आठवड्यात गंजलं, स्वयंपाकघरातलं मीठ बरणीत दगड होऊन बसलं. काकांनी खुर्ची समुद्राकडे तोंड करून ठेवली. सकाळी अंधार असतानाच उठून ते चहा करत, काकूंचा डबा भरत, बॅटरी घेऊन त्यांना बसपर्यंत सोडून येत. मग खुर्चीत बसत. पहिला आठवडा त्यांना वाटलं, आपण जिंकलो. मुलीने दूरच्या शहरातून फोन केला तेव्हा त्यांनी फोन खिडकीबाहेर धरून तिला लाटा ऐकवल्या. “बाबा, मी ऑफिसात आहे,” ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना जाणवलं की समुद्र दिवसभर एकच गोष्ट सांगतो आणि पत्ता देत नाही. शेजारी एक होड्या रंगवणारा राहत होता. काका त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले.

“आज वारा आहे,” काका म्हणाले.

“आहे.”

“कालही होता.”

“होता.”

  काका घरी आले आणि घड्याळाकडे बघू लागले. त्यांनी पुस्तकं वाचायला घेतली, ती मिटून ठेवली. बागकाम केलं, पण खाऱ्या वाऱ्याने रोपांनी माना टाकल्या. पुढे पुढे तर ते दुकानात एकेक वस्तू वेगळी आणायला जाऊ लागले. आधी साबण, मग काड्यापेटी, मग मेणबत्ती. दुकानदारीण म्हणाली, “काका, सगळं एकदम सांगा की, मी घरी पाठवून देते.” काका मनातल्या मनात म्हणाले, बाई, तेच तर नको आहे.

आणि मग तो दिवस उजाडला, ज्याबद्दल ते अजूनही कान धरतात. दुपारी त्यांनी आपल्या जुन्या कार्यालयाचा तक्रारीचा नंबर फिरवला. घरातला नळ उत्तम वाहत होता.

“हॅलो,” काका म्हणाले. “आमच्याकडे पाणी आलेलं नाही.”

 मग त्यांच्या जागेवर बसलेली मुलगी म्हणाली, “काका, तुम्ही का?”

“नाही,” काका म्हणाले.

“बरं. कुठला भाग?”

काकांनी गावाचं नाव सांगितलं.

“तो आमच्या हद्दीत येत नाही, काका. आणि तुम्ही बरे आहात ना?”

मग त्या मुलीने दोन फोनांच्या मधे सवड काढून त्यांना कार्यालयाची खबरबात दिली. पंखा अजून तसाच खडखडतो, साहेबांची बदली झाली, वगैरे. काकांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते, आणि याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला होता. माणसाचा आवाज नको म्हणणारे ते हेच.

इकडे काकूंचं भलतंच चाललं होतं. त्या संध्याकाळी थकून येत, पण रिकाम्या येत नसत. आज शिंपी असं म्हणाला, आज अंडीवालीच्या सुनेला मुलगी झाली, आज पुलावर बस अडकली तर शाळेच्या बाईंनी सगळ्यांना कोडी घातली. बसमध्ये त्यांची खिडकीची जागा ठरून गेली होती. काकू एक्स-रेवाल्या आहेत हे कळल्यापासून लोक आपापले एक्स-रे घेऊन बसमध्ये चढत आणि काकू ते खिडकीच्या काचेवर लावून बघत. मागे समुद्र, पुढे कोणाचा तरी गुडघा. “मी डॉक्टर नाही, मी फक्त फोटो काढते,” असं त्या दर वेळी सांगत. लोक मान डोलावून पुढचा गुडघा काढत.

काका जेवता जेवता ऐकत राहत आणि मधेच विचारत, “मग शिंपी काय म्हणाला?” ऐकताना त्यांचा हात ताटातच राहून जाई. एकदा काकूंनी शिंप्याची गोष्ट अर्धी सांगून झोप आली म्हटलं, तर काका दुसऱ्या दिवसभर त्या उरलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी खुर्चीत तळमळत होते.

शेवटी एका सकाळी ते डबा भरताना म्हणाले, “मलाही आज शहरात काम आहे.”

“कसलं?”

“नळाची चकती आणायची आहे.”

“दुकानात मिळते इथे.”

“इथली बरी नसते.”

काकूंनी दुसरा डबा काढून ओट्यावर ठेवला.

बसमध्ये पाय ठेवला आणि काकांना कळलं की ते तिथे प्रसिद्ध आहेत. “अच्छा, हे ते,” शिंपी म्हणाला आणि सरकून त्यांना जागा दिली. “सव्वा तासवाले,” शाळेच्या बाई म्हणाल्या. अंडीवाली त्यांना निरखून म्हणाली, “काका, पाणी येतं का आता?” सगळी बस हसली. काकांनी काकूंकडे बघितलं. काकू खिडकीबाहेर एकाग्र होऊन समुद्र बघत होत्या. जेवताना त्यांनीच कबूल केलेली आगारातली झोप, फोनवरचं ‘नाही’, एकेक साबणाच्या फेऱ्या, काही म्हणजे काही तिने शिल्लक ठेवलं नव्हतं. माणसाला राग यावा असाच प्रसंग होता. काकांनी राग येण्याची थोडी वाट बघितली. तो आला नाही, तेव्हा ते शिंप्याला म्हणाले, “आगाराची गोष्ट तिने नीट सांगितलेली नाही. थांबा, मी सांगतो.” आणि त्यांनी झाडूवाल्या बाईसकट अशी सांगितली की फाटा आल्याचं ड्रायव्हरला ओरडून सांगावं लागलं.

चकती आणायची राहिली. म्हणून दुसऱ्या दिवशीही जावं लागलं. तिसऱ्या दिवशी कोणी कारण विचारलं नाही.

शहरात दिवसभर करायचं काय, तर काका दवाखान्यातल्या प्रतीक्षेच्या बाकावर जाऊन बसत. तिथे घाबरलेली म्हातारी माणसं असत, आणि काका त्यांच्याशी बोलत. हात मोडलेल्या एका बाईला त्यांनी दुखणं विसरून हसवलं आणि मग हसल्याने हात दुखतो म्हणून तिच्या शिव्या खाल्ल्या. एक्स-रे विभागाला नावं पुकारायला आणि माणसांना आत घेऊन यायला अर्धवेळ माणूस हवाच होता. काकांनी रीतसर विचारणा केली. त्यांची मुलाखत काकूंनी घेतली.

“अनुभव?” काकूंनी टेबलापलीकडून विचारलं.

“अहो, तुम्हाला माहीत आहे की.”

“इथे ‘अहो’ नाही. मॅडम.”

नोकरी मिळाली, पण तिथे त्यांना फार बोलण्याबद्दल दोनदा ताकीदही मिळाली, तीही मॅडमच्या सहीने. घरी आल्यावर काका म्हणाले, “निदान सही तरी जरा प्रेमाने करायची.” काकू म्हणाल्या, “तिसरी प्रेमाने करेन.”

वर्ष सरलं, मग दुसरं. काकू निवृत्त झाल्या. बसने त्यांना निरोप दिला, शिंप्याने त्यांच्या मापाचा कोट शिवून आणला होता. दुसऱ्या दिवसापासून काकू त्या खुर्चीत बसल्या आणि आश्चर्य म्हणजे बसून राहिल्या. त्यांना शांतता मानवली. त्या भरती-ओहोटी बघत, दुपारी झोपत. काका अंधारात उठून आपला डबा आपण भरत आणि एकटेच बॅटरी घेऊन निघत. निवृत्त माणूस घरी बसला नाही आणि घरी बसवलेली बाई समुद्राची मालकीण झाली. हे सगळं ठरवलं कोणी, तर आपण, असं काका बसमध्ये सांगत आणि कोणी विश्वास ठेवत नसे.

एका संध्याकाळी ते फार उशिरा पोचले. पुलावर ट्रक बंद पडला होता. काका ताटावर बसले तेव्हा कंबर धरूनच बसले.

“मी काय म्हणते,” काकू म्हणाल्या, “तुमचा फार प्रवास होतो. शहरातलं घर आहेच. परत जायचं का आपण?”

काकांनी घास थांबवला. आपल्या प्रवासाचा कोणी विचार करील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी तर तिच्या प्रवासाचा तेवढाही केला नव्हता. ते म्हणाले, “उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी हा प्रश्न बसमध्ये काढला. फाट्यापर्यंत वाद झाला, फाट्यावर उभ्यानेच झाला, शहराच्या बसमध्ये अनोळखी माणसांनीही त्यात भाग घेतला. संध्याकाळी काकांनी घरी येऊन सांगितलं, “बस नको म्हणतेय.”

“बसचं सोडा. तुम्हाला काय वाटतं?”

काकांनी कंबर चोळली. 

“कंबर दुखते,” ते म्हणाले. “सकाळी उठवत नाही. पावसात तर फाटा म्हणजे शिक्षा आहे. पण तू इथे बरी दिसतेस. राहू या.”

काकूंनी त्यांच्या ताटात वाढलं. “मग उद्यापासून पहाटेच्या वाऱ्यात कानाला काहीतरी बांधून जा. आणि शिंप्याला सांगा, कोटाचं एक बटण सैल झालंय.”