चाळिसाची रेघ

यंदा फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता मी चाचणीत नापास झाल्याचा ईमेल आला. चाचणी समुद्रातली उष्णतेची लाट ओळखण्याची होती. मी गोंदिया जिल्ह्यात, दवनीवाड्याला घरी होते. समुद्राचा अंदाज वर्तवण्याचे ते प्रशिक्षण ऑनलाइन होते. दुसरी आणि शेवटची संधी शुक्रवारी पाचपर्यंत होती. तीत उत्तीर्ण होणाऱ्यांनाच किनाऱ्यावरच्या अंदाज कक्षात काम मिळणार होते.

प्रश्न साधा दिसत होता. अरबी समुद्रातल्या एका ठिकाणचे वर्षभराचे रोजचे तापमान दिले होते. त्यात लाट कुठे, ते दाखवायचे होते. मी मे महिन्यात एक दाखवली. बरोबर उत्तर असे होते: मे महिन्यात एकही नाही, डिसेंबरात एक.

डिसेंबरातले पाणी मेपेक्षा थंड होते. ईमेल मी तीनदा वाचला.

बाबा शेतावरून आले. "काऊन व बाई, तोंड पाडून बसली?"

मी सांगितले.

"किती होतं डिसेंबरात?"

"अठ्ठावीस."

बाबा आईकडे वळले. "आयकलं का व? अठ्ठाविसाची लाट आली म्हणते पोट्टी. माहा स्वेटर काढ."

"समुद्र पाह्यला नाही अन् त्याचा ताप मोजून राहिली," आई म्हणाली.

समुद्र मी पाहिला नव्हता, हे खरे होते.

दुपारी प्रशिक्षक बाईंना फोन केला. त्या कोकणातल्या. माझ्या उत्तरातला आलेख उघडून त्यांनी विचारले, "ही वर्षभर सरळ जाणारी रेघ कुठून आणलीत?"

रेघ वर्तमानपत्रातून आली होती. भौतिकशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मी दोन वर्षे गोंदियाच्या एका दैनिकात हवामानाची बातमी लिहिली. तिथे नियम एकच होता: पारा चाळिसाच्या खाली असेल तर लाट लिहायची नाही. समुद्रासाठी मी आकडा बदलला. रेघ तशीच ठेवली. बाईंना हे सांगितले.

"गोंदियाच्या ना? तरीच," बाई म्हणाल्या. "मे महिन्यात समुद्र तापणारच हो. इथे प्रत्येक तारखेची रेघ वेगळी. त्या तारखेला तीस वर्षांत पाणी किती असायचं ते पाहायचं. दहातल्या नऊ वर्षांपेक्षा जास्त तापलं, तेही सलग पाच दिवस, की लाट."

"पण पाणी गरम नाहीये."

"त्या दिवसांसाठी आहे."

मी हो म्हणाले. कळले नव्हते.

शुक्रवारी नव्या ठिकाणचे आकडे आले. या वेळी प्रत्येक तारखेची रेघ काढली. जानेवारीत पाणी सहा दिवस रेघेच्या वर होते, मग दोन दिवस खाली, मग पुन्हा सात दिवस वर. ही एक लाट की दोन? टिपणांत लिहिले होते, दोन दिवसांपर्यंतचा खंड हा खंड मानायचा नाही, ते दिवसही लाटेतच धरायचे. रेघेखालचे दिवस लाटेत कसे धरायचे, याचे कारण दिले नव्हते.

बाबांना विचारले, "दोन दिवस ताप उतरला अन् मंग चढला, त बिमारी एक का दोन?"

"मले कायले विचारतं? डॉक्टरले विचार."

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मी 'एक लाट, पंधरा दिवस' असे उत्तर पाठवले.

सोमवारी निकाल आला. उत्तीर्ण. सोबत अंदाज कक्षात रुजू होण्याची तारीख होती. शेऱ्याचा रकाना कोरा होता; त्या दोन दिवसांचे कारण तिथेही नव्हते.