ढोलीतली बाळंतीण

रविवारी मी शहरातल्या लोकांना जंगलात फिरवते. रोह्याहून कोलाडकडे येताना आत वळलं की आमचं गाव, आणि गावामागं देवीची देवराई. पाहुणे आदल्या संध्याकाळी गाडीनं रोह्याला उतरतात, आमच्या पडवीत झोपतात, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी हाणतात आणि उजाडलं की माझ्यामागून चालू लागतात. पक्षी दाखवणं हे माझं अर्धं काम, उरलेलं अर्धं त्यांना गप्प बसवणं. "ताई, बिबट्या दिसेल का?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "दिसला तर मला हाक मारा, मी तोवर घर गाठते." तोंड मला पहिल्यापासूनच आहे. सासू म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाय.

देवराईत चपला काढून शिरायचं, आतली वाळकी काटकीसुद्धा बाहेर आणायची नाही, आणि तिथल्या जिवावर हात टाकायचा नाही, हा गावाचा नेम. तो मोडल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात देवराईतल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. धनेश म्हणजे तो मोठ्या पिवळ्या चोचीचा, काळापांढरा पक्षी. आमच्याकडं त्याला गरुडच म्हणतात. अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, मग उडायचं म्हटलं तरी तिला उडता येत नाही. नर दिवसभर उंबरं, वडाची फळं, किडे आणून त्या फटीतून तिला भरवतो. तो आला तर ती जगणार, नाहीतर नाही.

या झाडाखाली माझा नवरा मला बोलूच देत नसे. पाहुण्यांना तोच रंगवून सांगायचा, "बघा, बायको बाळंतपणाला बसली की नवरा कसा पायाला भिंगरी लावून फिरतो!" मी मागून म्हणायची, "आणि आमचे हे, पोरीच्या वेळी कंपनीत डबल शिफ्ट मारत होते." लोक हसायचे. तोही हसायचा. त्याला त्या जोडीचं खरंच कौतुक होतं, हे मी आजही सांगते.

त्याच दिवसांत आमची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. जिते गावात दिली आहे तिला, जावई कंपनीत शिफ्टला असतो. नात झाली, सगळं नीट पार पडलं, पण पोरीची कंबर काही सुटेना. खाली बसली की उठताना डोळ्यांतून पाणी. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, शेक चालू होता. बापाला ते बघवत नव्हतं. एका संध्याकाळी त्यानं एक छोटी बाटली माझ्या हातात दिली.

"कसलं तेल?" मी विचारलं.

"कोलाडच्या ओळखीच्या माणसानं दिलंय. आईच्या वेळचं औषध हाय. लाव गो, लय प्रश्न विचारू नको."

मी लावलं. कोमट करून, दोन्ही हातांनी, पोरीच्या कमरेवर चांगलं जिरवलं. वास उग्र होता, चरबीसारखा. औषध म्हटलं की वास असायचाच, असं मी मनाशी म्हटलं.

त्याच आठवड्यात मधल्या एका वारी मी देवराईत एकटीच गेले. येत्या रविवारी मोठा गट यायचा होता, नर कुठल्या वेळेला येतो ते बघून ठेवावं म्हणून. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं, नर आला नाही. झाडाखाली ताज्या बिया नव्हत्या, ताजी विष्ठा नव्हती. फटीतून चोच बाहेर यायची, उघडायची, तशीच राहायची आणि आत जायची. वाऱ्यानं फांदी हलली तरी चोच बाहेर.

घरी आले तर पोरीला तेल लावायची वेळ झाली होती. नवरा नातीला मांडीवर घेऊन बसला होता. तेल चोळता चोळता मी म्हटलं, "नर येत नाय हो. काय झालं कुणास ठाऊक, ती आत तोंड उघडून बसली हाय."

त्याची मांडी हलायची थांबली. "आपल्या बेहड्यावरला?"

"मग कुठला? आणि तुमचं तोंड का असं पांढरं पडलं?"

त्यानं नातीला खाली गोधडीवर निजवलं. मग म्हणाला, "ते तेल लावू नको. गरुडाचं हाय."

माझे हात पोरीच्या कमरेवर होते तसेच राहिले. कानांत नुसता आवाज झाला, पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. जुन्या बायका बाळंतिणीच्या कमरेला गरुडाची चरबी लावायच्या. त्याच्या आईनं मलाही लावली होती म्हणे. त्यानं कोलाडच्या त्या माणसाकडं मागितली. घरात जुनी पडलेली असेल ती देईल, असं त्याला वाटलं. देताना तो माणूस म्हणाला होता, ताजी हाय, काळजी करू नको, देवराईच्या बाहेर नदीकाठच्या उंबरावर मारला, देवीच्या हद्दीत हात लावला नाय.

"आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत?"

"हद्दीबाहेरचा म्हणाला गो. मला वाटलं दुसराच कुठला असंल. आपला देवराईत ऱ्हातो ना."

"अहो, उंबरं देवराईत पिकतात का? कुठून आणतो तो फळं? दर रविवारी पाहुण्यांना तुम्हीच सांगता ना, लांब लांब फिरतो म्हणून! अकलेचे दिवाळे निघाले का तुमचे?" मी ओरडले, नात दचकून रडायला लागली. मी मोरीत जाऊन हात धुतले, साबणानं, मग राखेनं, मग परत साबणानं. वास जाईना. स्वतःच्या हातांची मला किळस आली. ज्या माणसानं मला तो पक्षी पहिल्यांदा दाखवला, तोच हा, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा पोरगी भिंतीला धरून उभी राहिली होती. ती बापाला एवढंच म्हणाली, "बाबा, ती आत उपाशी हाय."

तो तसाच उठला आणि उंबरं गोळा करायला गेला.

आमच्या भागातल्या वनरक्षक मॅडमना मी नर बेपत्ता झाल्याचं कळवलं. बाटलीचं मी बोलले नाही. नवऱ्याला बजावलं, "ते तुम्हीच सांगायचं. आणि सांगायचंच." मॅडमनी वरिष्ठांना विचारून भरवायची परवानगी आणली. दोन शिड्या एकमेकींना बांधल्या, बांबूचं टोक चिरून त्यात उंबर धरलं आणि नवरा वर चढला. बांबू फटीजवळ गेला की चोच आत. पुन्हा पुढं केला की पुन्हा आत. मी खालून बघत होते आणि देवीला म्हणत होते, ह्याचं राहू दे बाजूला, तिला खाऊ दे. उन्हं कलली तेव्हा तिनं एक उंबर घेतलं. मग दुसरं. आतून पिल्लाची बारीक चिरचिर ऐकू आली, आणि मला रडूच फुटलं.

तेव्हापासून तो रोज जाऊ लागला. उंबरं, वडाची फळं, नाकतोडे. घरी आला तरी जेवायचा नाही धड. सांगायचं मात्र त्याच्यानं होत नव्हतं, आणि मी त्याच्याशी बोलत नव्हते.

रविवारी पाहुणे आले. मॅडमनी सगळ्यांना लांब उभं केलं. तो एक खेप देऊन खाली उतरला, तेव्हा लोकांनी हळूच टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "काका, केवढं प्रेम हो तुमचं! तुमचा एक फोटो काढू?"

त्यानं बांबू झाडाला टेकवला. मग म्हणाला, "फोटो नको. हिचा नर माझ्या पोरीच्या तेलासाठी मेला. मारणारा दुसरा, पण मागितलं मी."

त्या बाईचा मोबाईल हातातच राहिला. मॅडम माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली. त्या पुढं झाल्या, त्याच्या पायाशी ठेवलेली उंबरांची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

"काका, अजून उंबरं उरलीत," त्या म्हणाल्या. "आधी वर चढा, तिला पोटभर घाला. मग खाली उतरा आणि माझ्याबरोबर जबाब द्यायला चला."