शेजारणीच्या शेळ्या
बाभळीच्या शेंगांचा वास आला की मला माण तालुक्यातल्या आमच्या गावची ती सकाळ आठवते. शेळ्यांसाठी बँकेचं कर्ज काढून मी ते भावाच्या लग्नात उडवलं होतं. साहेब पाहणीला येणार, म्हणून शेजारची मावशी रानात गेलेली पाहून मी तिच्या शेळ्या माझ्या दारात बांधल्या. साहेब मोजत असतानाच ती शेंगांची टोपली घेऊन परतली आणि सगळ्या शेळ्या दावी ताणून तिच्याकडे ओरडू लागल्या. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “आवं सायेब, ह्याच्या शेळ्यास्नी रोज मीच चारा टाकते, वळखणारच की,” ती म्हणाली. साहेब गेल्यावर तिनं शेळ्या सोडून नेल्या, दोन मात्र खुंट्याला ठेवल्या. “माझं खोटं आता तू खरं कर, लेका.” त्या दोघींच्या पिलांवर माझं कर्ज फिटलं. आता मी शेंगा आणल्या की शेळ्या माझ्याकडे बघून ओरडतात. ही ओळख मावशीनं दिलेली आहे.