वीस माळा झाल्या की

"घरी न्या आणि सेवा करा." डॉक्टरांचे हे शब्द आठवले की मला आजही राग येतो. मामांच्या पोटात कर्करोग होता. अकोल्याच्या दवाखान्यात सतरा दिवस ठेवून त्यांना परत पाठवलं. मी विचारलं, "सेवा म्हणजे नेमकं काय काय करायचं?" डॉक्टर हसले. म्हणाले, "घरचीच माणसं ना तुम्ही? ते काय सांगावं लागतं?" मी ओव्हरसियर आहे. साधी मोरी बांधायची तरी किती खोल आणि किती रुंद ते मजुराला सांगतो. इथे ज्या माणसाने मला पोरकेपणात वाढवलं, तो मरायला टेकला होता आणि सूचना मिळाली ती एका शब्दाची.

मग मला जे येत होतं ते मी केलं. अमरावतीहून रजा काढून मामांच्या घरी आलो आणि मामा बरे व्हावेत म्हणून दत्ताच्या तसबिरीपुढे सव्वा लाख जपाचा संकल्प सोडला. अकराशे अठ्ठावन्न माळा. कोपऱ्यात बसून मी त्या ओढू लागलो. मे महिना होता. खोलीत आम्ही नऊ माणसं, दाराशी चपलांचा ढीग. येणारा प्रत्येक जण उताण्या निजलेल्या मामांच्या तोंडात चमचाभर तीर्थ घालायचा. त्यांना ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे, आणि आम्ही म्हणायचो, आता तीर्थसुद्धा उतरेना. मामा सारखे "पाठ, पाठ" म्हणत. दुखणं पोटात, तेव्हा पाठ कशाला दुखेल? भ्रम झाला असं आम्ही ठरवलं. ते कण्हले की मी डोळे मिटून जप जोरात करायचो. माझा देवावरही राग होता. चार दिवसांत मी साडेतीनशे माळा पुऱ्या केल्या होत्या आणि मामांचा त्रास वाढतच चालला होता.

पाचव्या दिवशी सकाळी एक बाई दारात उभी राहिली. पन्नाशीची असेल. बायकांच्या दवाखान्यात आया होती. शेजारच्या गल्लीत बारसं होतं. इतक्या चपला पाहून तिला हेच ते घर वाटलं. चूक कळल्यावर कुणीही वळून गेलं असतं. ती मात्र मामांकडे पाहत तिथेच थांबली.

"इतके जन बसून राहिले तुमी," ती म्हणाली, "याइची पाठ कोनी पायली काय?"

ती पुढे झाली तसे मामांचे थोरले मेहुणे, तात्याजी, आडवे आले. "बाई, तुमी कोन लोक?"

"आमी बौद्ध. दोन वर्सं झाले."

तात्याजी जागचे हलले नाहीत. तेवढ्यात अंथरुणातून मामांचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "तात्याजी, तुमी पालटता काय मले? नाही ना? मंग सरका."

तिने त्यांना कुशीवर वळवलं. कंबरेखाली संत्र्याच्या फोडीएवढी जखम होती आणि धोतर तिला चिकटलं होतं. आम्ही नऊ जण. चार दिवस. एकानेही पाहिली नव्हती. मामी रडू लागल्या. त्या बाईने त्यांना कोमट पाणी आणायला लावलं, जखम पुसली, पाठीशी उशी लावली, डोकं उंच केलं. तीर्थाचा चमचा बाजूला ठेवला आणि स्वच्छ कापूस ओला करून ओठांना लावला. मामांनी सुस्कारा टाकला. तसा सुस्कारा मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"दर दोन तासानं कूस पालटा," ती म्हणाली. घरात घड्याळ नव्हतं. तिने माझ्या हातातल्या माळेकडे पाहिलं. "भाऊ, एका माळेले किती वेळ लागते?"

"सहा मिनिटं."

"मंग वीस माळा झाल्या की उठा."

ती पाणीसुद्धा न घेता बारशाला गेली. मी माळ पुन्हा हातात घेतली. नाम तेच होतं, पण "मामा बरे व्हावेत" हे शब्द त्या दिवसापासून माझ्या तोंडी आले नाहीत. ते दत्तावर सोपवलं. वीस झाल्या की उठायचो. मामा आणखी अकरा दिवस जगले. त्यांनी पन्ह्यात भिजवलेला कापूस चोखला, तात्याजींची थट्टा केली आणि कुशीवर निजलेलेच गेले.

पुढे मी बायकांच्या दवाखान्यात तिचा शोध घेतला. "आया पुष्कळ आहेत, नाव सांगा," म्हणाले. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या घराने तिला जात विचारली होती, नाव विचारलं नव्हतं. या गोष्टीचा राग मला डॉक्टरांवरच्या रागाहून जास्त आहे, आणि तो माझ्यावरचा आहे.

अमरावतीला घरी आल्यावर सतरंजीवर पत्नीला निजवून मी तिला हे सगळं शिकवलं. ती हसून बेजार झाली. "अहो, जित्या मानसाले काहून असं उलटसुलट करून राहिले?" मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, तिला हे माझ्यासाठी लागेल असा माझा हिशेब होता.

सहा वर्षांनी अमरावतीच्या एका डॉक्टरांनी मला तिच्याबद्दल तेच सांगितलं. घरी न्या, सेवा करा. या वेळी मी काही विचारलं नाही. तिला घरी आणलं, खाट भिंतीपासून दोन हात पुढे ओढली, म्हणजे दोन्ही बाजूंनी जाता येईल, आणि माळ घेतली. दोन महिन्यांत तिच्या पाठीला एक ओरखडा उमटला नाही. ज्याने त्या सकाळी चपलांचा ढीग दाखवून त्या बाईला आमच्या दारी आणलं, त्याचे उपकार मी कोणत्या मापाने मोजू?

शेवटच्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले. "अहो, वीस झाल्या काय?"

सतराच झाल्या होत्या. मी जपात कधी एक मणी चुकवलेला नाही. "झाल्या," म्हणालो, माळ खाली ठेवली आणि तिची कूस पालटली.